हार्डनरच्या डब्यात पाणी कुठून आलं?

सांगोल्यासारख्या कोरड्या मुलखात लाकडाच्या पॉलिशला ओल लागली म्हटलं, तर मिस्त्री हसणारच. आमचेही हसले. दाराला पीयू मारायचं होतं आणि गणपतीत उरलेला माल पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. बेसचा डबा ठणठणीत. हार्डनरचा मात्र बुडाशी फुगलेला. झाकणाखाली स्क्रूड्रायव्हर घातला तशी फुस्स करून हवा सुटली. आत वर जाड साय आणि खाली गढूळ, काकवीसारखा घट्ट द्रव.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली त्याचा शोध लावला. बेसमध्ये पॉलिऑल, हार्डनरमध्ये आयसोसायनेट. दोन्ही एकत्र आले की रेणूंचं घट्ट जाळं विणलं जातं, म्हणून टेबलावर गरम चहाचा कप ठेवला तरी सहसा डाग उठत नाही. कालवलेला माल काही तासांत संपवावा लागतो, हे प्रत्येक रंगाऱ्याला ठाऊक असतं. पण आयसोसायनेट पॉलिऑलची वाट बघत बसत नाही. पाणी भेटलं तर त्यालाच धरतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, डबा फुगतो आणि उरलेलं आपसात गुंतून घट्ट होतं. पाणी लागतं तरी किती? हिशेब मांडला तर चमचाभर पाणी शंभरेक ग्रॅम हार्डनर बाद करतं.

हे पाणी हवेतलंच. अर्धा रिकामा डबा श्वास घेतो: दिवसा पत्रा तापला की आतली हवा बाहेर, रात्री गारठलं की बाहेरची आत. आमच्या डब्याने हस्ताचा पाऊसही पाहिला होता आणि नंतरचा वैशाखही. तापमान दहा अंशांनी चढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो.

डबा ताजा असूनही काम बिघडतं ते थिनरमुळे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, ते हार्डनर खातं आणि दार आठ दिवस चिकट राहतं. बोट टेकवलं की ठसा उमटतो. पांढरा पीयू उन्हात पिवळा पडतो तो मात्र बहुधा शिळेपणाने नव्हे, स्वस्त हार्डनरमधल्या टीडीआय या आयसोसायनेटमुळे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेतही, डिसेंबर १९८४ मध्ये, असंच पाणी शिरलं ते मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत. आपला हार्डनर त्याच गोत्रातला, त्याच्याइतका जहाल मुळीच नाही. तरी फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. याच रसायनाने कित्येक रंगाऱ्यांना दमा जडवला आहे.

मिस्त्रींनी सवयीने हातोडीचे दोन ठोके देऊन झाकण परत बसवलं. मी ते काढायला लावलं, कारण आत गॅस अजून तयार होत होता. डबा झाकण नुसतं टेकवून अंगणाच्या कोपऱ्यात सावलीला ठेवला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री हार्डनरचा नवा डबा घेऊन आले, सर्वांत लहान मापाचा.