विश्लेषण : घरातील हिंसाचाराची तक्रार केल्यावर पुढे काय होते? पोलीस, रुग्णालय, संरक्षण अधिकारी… कोणाची जबाबदारी काय?

घरात मारहाण झाली की मदतीसाठी बहुतेकांना पोलीस ठाणेच आठवते. प्रत्यक्षात कायद्याने ही जबाबदारी अनेक यंत्रणांवर सोपवली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी अवघ्या १४ टक्के महिलांनी कोणाकडे तरी मदत मागितली. त्यामुळे जी महिला पुढे येते, तिला पहिल्याच ठिकाणी योग्य वाट दाखवली जाणे महत्त्वाचे ठरते.

कायदा काय सांगतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ त्यात येतो. पत्नीसोबतच आई, बहीण किंवा लिव्ह-इनमधील महिलाही दाद मागू शकते. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चासाठी पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा असे आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पती किंवा सासरच्यांविरोधात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (पूर्वीचे ४९८-अ) फौजदारी तक्रारही सोबतच करता येते.

कोणाचे काम काय?

पोलीस : महिलेला तिचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती देणे बंधनकारक. ‘घरचा मामला आहे, मिटवून घ्या’ म्हणून परत पाठवता येत नाही.

संरक्षण अधिकारी : सर्व यंत्रणांमधला दुवा. घटनेचा अहवाल (डीआयआर) तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात पाठवणे.

रुग्णालय : आधी अहवाल नोंदवला नाही, या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. तिथे उपचारांसोबत समुपदेशनही मिळते.

विशेष कक्ष : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत हा प्रयोग सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेवक बसतात.

सखी वन स्टॉप सेंटर : वैद्यकीय, कायदेशीर आणि पोलीस मदत, समुपदेशन व तात्पुरता निवारा एकाच छताखाली.

विधी सेवा प्राधिकरण : उत्पन्न कितीही असले तरी महिलेला मोफत वकील.

घोडे कुठे अडते?

अर्जावरील पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. मात्र सगळी साखळी संरक्षण अधिकाऱ्यावर अवलंबून आहे. ते पद रिकामे असेल किंवा दुसऱ्या कामाला जोडून दिलेले असेल, तर महिलेला तीच हकिगत ठाणे, रुग्णालय आणि कोर्टात पुन्हा पुन्हा सांगावी लागते. दरम्यान ती अनेकदा त्याच घरात राहत असते. जिथे नियुक्त्या झालेल्या नाहीत, तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये, म्हणजे कायदा होऊन २० वर्षांनी, द्यावे लागले.

शेजाऱ्यांना तक्रार करता येते का?

हो. कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. ती प्रामाणिक हेतूने दिली असेल, तर कायदेशीर जबाबदारी येत नाही.

आदेश मोडला तर?

संरक्षण आदेशाचा भंग हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

हे नंबर सेव्ह करा

तातडीची मदत : ११२
महिला हेल्पलाइन : १८१
मोफत कायदेशीर मदत : १५१००
मुलांसाठी : १०९८

रुग्णालयाचे केसपेपर, जखमांचे फोटो, धमकीचे मेसेज आणि डीआयआरची प्रत घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. डीआयआरची प्रत महिलेला मोफत मिळते, ती मागून घ्या.