सोलापुरातून सूर्यग्रहण : कोठून व केव्हा पाहावे?

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे काळोख पसरला. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन ईशान्येकडे गेला होता व जेऊर त्या पट्ट्यात होते. लोहमार्गावरील या गावी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक नेगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी दुर्बिणी उभारून सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे वेध घेतले. सोलापूर शहर जेऊरपासून सुमारे १०० किलोमीटरवर. पण पट्ट्याबाहेर असल्याने तेथे ग्रहण खंडग्रासच दिसले.

स्थानाचे महत्त्व

चंद्राची गडद सावली पृथ्वीच्या एका अरुंद पट्ट्यावरूनच सरकते. त्या पट्ट्यात खग्रास, तर दोन्ही बाजूंच्या विस्तीर्ण प्रदेशात खंडग्रास ग्रहण दिसते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी हा पट्टा कारवार व रायचूरवरून गेला. सोलापूर त्याच्या उत्तरेस राहिले.

ऋतू व वेळ

१८९८ व १९८० ची ग्रहणे कोरड्या ऋतूत आली. उलट ११ ऑगस्ट १९९९ व २२ जुलै २००९ च्या ग्रहणांच्या वेळी देशात अनेक ठिकाणी पावसाळी ढगांमुळे निराशा पदरी पडली. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहणही पावसाळ्यातच येते. ते इजिप्त व सौदी अरेबियातून खग्रास, तर सोलापुरातून खंडग्रास दिसेल. त्याचा काळ साधारणतः दुपारी चार ते पावणेसहाच्या दरम्यान असून सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असेल. म्हणून पश्चिमेस इमारती वा झाडी नसलेले शाळेचे मैदान, गावाबाहेरील माळ किंवा गच्ची निवडावी. नेमक्या वेळा राष्ट्रीय पंचांगात पाहाव्यात.

डोळ्यांची काळजी

खंडग्रास ग्रहणात सूर्याकडे क्षणभरही उघड्या डोळ्यांनी पाहू नये. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म, साधा काळा चष्मा किंवा थाळीतील पाण्यात दिसणारे प्रतिबिंब सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहण-चष्माच वापरावा. तो लावून दुर्बिणीतून मात्र पाहू नये. डोळ्यांच्या पडद्यास इजा होताना वेदना होत नाही. त्यामुळे ती वेळीच लक्षात येत नाही.

सर्वांत स्वस्त साधन पुठ्ठ्याचे होय. त्यास टाचणीने छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी. कडुनिंबाच्या पानांमधील फटींतूनही जमिनीवर अशाच चंद्रकोरी उमटतात.

१९८० साली भीतीपोटी अनेकांनी घराची दारे लावून घेतली व एक दुर्मिळ दृश्य गमावले. तसे पुन्हा घडू नये, यासाठी शिक्षकांनी आठवडाभर आधी मुलांकडून पुठ्ठे तयार करवून घ्यावेत व ग्रामपंचायतींनी मोकळी जागा निश्चित करून ग्रामस्थांना वेळ व दक्षता कळवावी.