ती परत का जाते?

माझे आजोळ बाळापूरचे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा तो विटांचा भक्कम किल्ला पुष्कळांनी पाहिला असेल. आजोळच्या शेजारी एक काकू राहत. त्यांचा नवरा मारी. दोन-चार महिन्यांनी त्या माहेरी जात आणि आठ दिवसांत परत येत. कॉलेजात जाणाऱ्या मला याचा भारी राग येई. एकदा मी विचारलेच, "काकू, तुम्ही परत येताच कशाला?"

चूल फुंकता फुंकता त्या म्हणाल्या, "जाऊ कुठी वं बाई? बावीस वर्सं काढली या चुलीपाशी."

तेव्हा ते उत्तर मला दुबळेपणाचे वाटले. पुढे कळले की, मानसशास्त्राने पुष्कळ अभ्यासानंतर जे सांगितले, ते काकूंनी दोन वाक्यांत सांगून टाकले होते.

कॅरिल रसबल्ट या अमेरिकन संशोधक बाईंनी 1980 साली एक विचार मांडला. माणूस नात्याला बांधलेला राहतो तो केवळ सुखामुळे नव्हे. त्याला तीन धागे असतात. पहिला समाधानाचा. दुसरा, हे नाते सोडल्यास दुसरा आसरा आहे की नाही, याचा. तिसरा गुंतवणुकीचा, म्हणजे नात्यात घातलेली वर्षे, मुले, घर, आठवणी. पहिला धागा तुटला, तरी उरलेले दोन माणसाला धरून ठेवतात.

1995 साली रसबल्ट आणि जॉन मार्ट्झ यांनी नवऱ्याच्या वा जोडीदाराच्या मारहाणीमुळे निवाऱ्यात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. जिच्यापाशी पैशाचा आधार कमी आणि जिची गुंतवणूक जास्त, तिची बांधिलकी अधिक निघाली. आणि परत जाणे वा न जाणे या बांधिलकीशी निगडित होते. म्हणजे "हिच्या स्वभावातच काही खोट आहे का?" हा प्रश्नच चुकीचा. विचारायचे ते "हिला जायला जागा आहे का?" असे!

गंमत अशी की, हीच बांधिलकी संसाराचे बळही आहे. जोडीदार तिरसटपणे बोलला, तर उलट न बोलता सांभाळून घेण्याची शक्ती तिच्यातूनच येते, असे रसबल्ट यांनी 1991 साली दाखवले. पण याच गुणाला दुसरी बाजू आहे. झिमेना अरियागा यांच्या 2002 सालच्या अभ्यासात असे दिसले की, नात्यात फार गुंतलेली माणसे जोडीदाराची मारहाण 'थट्टेतली' म्हणून सांगण्याकडे झुकतात. सांभाळून घेता घेता जखमच दिसेनाशी होते.

आपल्याकडे हा पेच डॉ. आनंदीबाई जोशी यांनी फार पूर्वी ओळखला होता. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, हे सारे त्यांनी अमेरिकेतून गोपाळरावांना पत्रात लिहिले. ज्याने शिकवले, त्यानेच मारले! तुमची वागणूक चांगली की वाईट हे ठरवणे कठीण, दोन्हीही होती, असा त्यांचा निवाडा होता. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. एवढ्या बुद्धिमान स्त्रीलाही हा हिशेब सोपा गेला नाही; मग काकूंना दोष कोणी द्यावा?

कायद्यालाही हे उमगले आहे. 2005 साली संमत झालेला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर कोणाच्याही नावावर असो. म्हणजे तो नेमका दुसऱ्या धाग्याला हात घालतो.

पण कायद्याच्या आधी माहेर येते. काकूंचे भाऊ दर वेळी आठव्या दिवशी त्यांना एस.टी.त बसवून देत आणि "जरा सांभाळून घे," म्हणत. वाईट नव्हते ते. भाऊबिजेला चांगले लुगडे घेऊन येत. आज वाटते, त्या लुगड्याच्या घडीत एक वाक्य हवे होते: "ताई, हे घर तुझेही आहे. हवे तितके दिवस राहा."

यंदा भाऊबिजेच्या ताटात ओवाळणी घालताना ते वाक्य विसरू नका. त्याला पैसे पडत नाहीत. आणि बहिणीला ते कधी वापरावे लागले नाही, तर त्याहून आनंदाची गोष्ट कोणती?