इंजिनरूममधली नोंदवही

सावनेरहून हमरस्त्याने पुढे गेलं की छिंदवाडा. तिथल्या साळवे कुटुंबाचे जावई सी. पी. श्रीवास्तव १९७४ ते १९८९ या काळात लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे महासचिव होते. नागपूरचे एन. के. पी. साळवे त्यांचे मेहुणे. कोळसा-संत्र्यांच्या आपल्या मुलखाला ‘मार्पोल’शी एवढी सोयरीक पुरेशी आहे.

मार्पोल म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा याच संघटनेचा करार. १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे टँकर जहाज इंग्लंडजवळ खडकावर आदळलं, सुमारे १,२०,००० टन कच्चं तेल वाहून गेलं आणि सरकारं जागी झाली. करार १९७३ चा. पण १९७६ पर्यंत मान्यता देणारे देश तीनच : जॉर्डन, केनिया, ट्युनिशिया. टँकरांचे अपघात होतच राहिले. मग १९७८ मध्ये फेरमांडणी झाली आणि श्रीवास्तवांच्या कारकिर्दीत, २ ऑक्टोबर १९८३ रोजी, तो लागू झाला. आज त्यात तेल, रसायनं, सांडपाणी, कचरा, धूर असं सगळं येतं. प्लास्टिक तर समुद्रात टाकायचंच नाही. इंधनातल्या गंधकाची मर्यादा २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली.

पण कराराचा खरा कस लागतो इंजिनरूममध्ये. जहाजाच्या तळाशी तेलकट पाणी साचत राहतं. ते विभाजक यंत्रातून गाळायचं. दहा लाख भागांत तेलाचे पंधरापेक्षा जास्त भाग असतील तर बाहेर सोडायचं नाही. प्रत्येक वेळची नोंद तेल-नोंदवहीत, खाली अधिकाऱ्याची सही, पानावर कॅप्टनची. बंदरावरचे तपासनीस आधी ही वही मागतात. पळवाटही इथेच आहे. यंत्राला वळसा घालणाऱ्या चोरनळीला खलाशी ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. एका नव्या इंजिनिअरने अशी नळी उघड केली आणि २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेस कंपनीने गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर दंड मान्य केला. यंत्र होतं, वही होती. पकडलं मात्र माणसाने.

अपघातापुढे वहीचं काही चालत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेल किनाऱ्याला लागलं, मासेमारी थांबली.

पावसाळ्यात जुहूला किंवा गोव्याला गेलात आणि पायाला समुद्रातल्या तेलाचे डांबरासारखे गोळे चिकटले, तर नुसते पाय पुसू नका. तटरक्षक दलाला कळवा.