दुश्मन पार्टी
रायपूरहून धमतरी, चारामा असं दक्षिणेला निघालं, की कांकेर लागतं. तिथे छत्तीसगड सरकारने २००५ साली दहशतवादविरोधी व जंगल युद्ध महाविद्यालय काढलं. पहिले प्रमुख निवृत्त ब्रिगेडियर बी. के. पोंवार, त्याआधी ते मिझोराममधल्या वैरेंगटेच्या लष्करी शाळेचे कमांडंट होते. पोलिसांच्या तुकड्या इथे सुमारे दीड महिना जंगलात राहून शिकतात. ब्रीद एवढंच : गनिमाशी गनिमासारखं लढा.

मराठी माणसाला यात गंमत वाटावी. मुघल आपल्याला गनीम म्हणत, म्हणजे शत्रू. तो शब्द आपण 'गनिमी कावा' म्हणून अभिमानाने मिरवतो.

आता गनिमासारखं लढायला शिकवायचं, तर समोर गनीमही उभा करावा लागतो. एनसीसीच्या कॅम्पात गेलेल्यांना 'दुश्मन पार्टी' ठाऊक असेल. तिच्यात नाव आलं, की पोरांची तोंडं पडतात. पण सरावातलं सगळ्यात चिवट काम हेच. हल्ला करणारी तुकडी चहा घेऊन, आदेश ऐकून निघते. दुश्मन पार्टी त्याच्या कितीतरी आधी जाऊन पडलेली असते. सालाच्या पाचोळ्यात पालथं. बस्तरात ज्यांची चापडा चटणी वाटतात, त्या लाल मुंग्या मानेवर चढल्या तरी हात हलवायचा नाही. खोकला आला तर बाहीत दाबायचा. वाट पाहायची, पहिल्या माणसाला जाऊ द्यायचं, मधला टप्प्यात आला की थंडरफ्लॅशचा धमाका आणि ब्लँक गोळ्यांचा मारा. नंतर अंपायर येतो, आणि कोण मेलं यावरून दोन्हीकडची तावातावाची भांडणं. वाद मिटला, की पाणी पिऊन तेच पुन्हा, दुसऱ्या तुकडीसाठी.

अमेरिकेत हाच पूर्णवेळ धंदा आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फोर्ट आयर्विनला अकरावी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट १९९४ पासून शत्रू बनते. सैनिकांच्या अंगावर लेझर पकडणारे पट्टे असतात. 'गोळी' लागली की ते वाजतात, त्यामुळे भांडणं कमी. आपल्याकडे शत्रू लाल आणि आपण निळे. चीनच्या सरावात मात्र लाल ते स्वतः, शत्रू निळा. रंगसुद्धा ज्याचा त्याचा.

शत्रूने किती खरं खेळावं, हा अवघड प्रश्न. २००२ साली अमेरिकेच्या एका प्रचंड युद्धसरावात निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर लाल बाजूला होते. रेडिओ टाळून त्यांनी मोटरसायकलवरून निरोप धाडले, क्षेपणास्त्रं आणि लहान होड्या वापरून कागदावरची सोळा जहाजं बुडवली. आयोजकांनी ती जहाजं पुन्हा तरंगवली आणि लाल बाजूवर बंधनं घातली. व्हॅन रायपर मध्येच बाजूला झाले. माझ्या मते त्या सरावातलं शिकण्यासारखं सगळं तेवढ्यात घडून गेलं होतं.

बस्तरात ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथल्या पोलिसांच्या डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्डमध्ये शरण आलेले माजी नक्षलवादीही भरती झाले. सापळा कुठे लावतात हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. आणि न शिकल्याची किंमत काय, ते सीमेपलीकडच्या गडचिरोलीला माहीत आहे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाने एक खासगी गाडी उडवली. पंधरा जवान आणि चालक गेले. तिथे पुन्हा खेळायची सोय नव्हती.

तेव्हा तुमच्या घरचं पोर कॅम्पातून 'मला दुश्मन पार्टीत टाकलं' म्हणून कुरकुरत आलं, तर त्याला जवळ बसवा आणि विचारा, समोरचे नेमके कुठे फसले? ते त्यालाच माहीत असेल.