कोलेस्टेरॉलची गोळी : किती वेळा व किती दिवस?



या पानावर मी नेहमी बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे. लागण नोंदीसाठी शिवारात फिरताना "साहेब, रिपोर्ट नॉर्मल आला, कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली" असे पुष्कळ सभासद सांगतात. मी काही डॉक्टर नव्हे. पण हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझे एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत थर धरणारे कोलेस्टेरॉल, वाढलेले निघाले. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. ऐन गळीत हंगामाची धावपळ. मी आपल्या मनानेच गोळी सोडली. हंगाम संपल्यावर तपासले, तर आकडा पुन्हा होता तिथेच! डॉक्टर म्हणाले, "अहो, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच."

असे का होते? शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृत रोजच्या रोज तयार करते. स्टॅटिन गटातील गोळी हे काम कमी करते. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातले एलडीएल ओढून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांत सगळे मूळपदावर येते. दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे कळतही नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांना तर ही चूक जिवावर बेतू शकते.

तरी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) गोळी साधारणतः रोज एकदाच असते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन कोणत्याही वेळी चालते, पण वेळ ठरलेली असावी. सिमव्हास्टॅटिन रात्री घ्यावी. तिचा अंमल थोडा वेळ टिकतो आणि यकृताचे हे काम रात्री जास्त चालते.

२) गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. पाण्याची पाळी चुकली म्हणून पुढच्या पाळीला दुप्पट पाणी सोडून ऊस सुधारत नाही, तसेच हे.

३) अंग, पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलतात, डोस कमी करतात, कुणाला दिवसाआडही देतात. शेजाऱ्याला दिवसाआड दिली म्हणून आपण तसे करू नये. दुखणे फार असेल किंवा लघवी काळपट होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर भगिनींनीही डॉक्टरांना लगेच कळवावे.

४) गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी रक्त तपासावे, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा.

सहा महिन्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शनही आता निघाले आहे, पण ते महाग आहे आणि कुणाला द्यायचे हे डॉक्टरच ठरवतात. आपल्यासाठी रोजची गोळीच खरी.

रात्रपाळीच्या पाण्याला निघताना "गोळी घेतली का?" एवढे घरच्यांनी जरूर विचारावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी