कृत्रिम पायाची दुसरी फेरी

रेल्वेखाली पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पायानं एव्हरेस्टवर पोहोचल्या. लखनौहून दिल्लीला जाताना तो प्रसंग ओढवून दोनच वर्षं झाली होती. अशा बातम्यांत कौतुक जिद्दीचं होतं, ते रास्तच. पण कापल्यानंतर उरलेला पाय ज्यात बसतो, त्या सॉकेटचं नाव कुणी काढत नाही, आणि सगळं अडतं तिथेच. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा भार पेलते, नडगीचं कापलेलं टोक पेलत नाही. म्हणून तंत्रज्ञ प्लॅस्टरचा साचा घेऊन पायाची प्रतिकृती ओततो आणि मग ती मुद्दाम ‘बिघडवतो’: भार घ्यायचा तिथे खरवडतो, हाड टोचेल तिथे थर चढवतो. हुबेहूब सॉकेट हे वाईट सॉकेट असतं! त्यात शस्त्रक्रियेनंतर काही महिने उरलेला पाय आटत जातो. आज चपखल बसलेलं सॉकेट पुढे सैल होतं, घासतं, जखम करतं. मधुमेही माणसाला तर ती जखम बऱ्याचदा कळतही नाही. मग पाय कोपऱ्यात पडतो.

लखनौला किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचं लिंब सेंटर आहे, शेजारच्या कानपुरात १९७२ साली स्थापन झालेला ‘अलिम्को’ हा कृत्रिम अवयव बनवणारा सरकारी उपक्रम आहे. म्हणजे साधनं दूर नाहीत. दूर आहे ती सॉकेट दुरुस्त करून घ्यायची दुसरी भेट. साधनवाटपाच्या शिबिरांत वाटलेल्यांचा आकडा जाहीर होतो. सहा महिन्यांनी किती जण ती वापरतात, हे सहसा कुणी विचारत नाही. शिबिरं नसती तर खेड्यातल्या मजुराला पाय मिळालाच नसता, हा आक्षेप खरा आहे. शिबिरं बंद करा असं माझं म्हणणंच नाही. दुसऱ्या भेटीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, एवढंच आहे. थ्रीडी स्कॅनिंगनं हा प्रश्न सुटेल, असंही सांगितलं जातं. साच्याचा वेळ त्यानं वाचतो, पण स्कॅनरला आकार दिसतो. कुठे किती दाब सोसवेल हे रुग्णाला उभं करून, चालवून, विचारूनच ठरतं.

शिवाय दुरुस्ती फार महाग नाही. पॉलिप्रॉपिलीनचं सॉकेट गरम हवेनं मऊ करून टोचणारी जागा बाहेर ढकलता येते. हीट गन आणि शिकलेला तंत्रज्ञ लखनौजवळच्या सीतापूर, हरदोईच्या जिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी मिळाले, तर एवढ्यासाठी रोजगार बुडवून लखनौ गाठावं लागणार नाही.